समुद्रकाकडी बघ, पण हात लावू नकोस

लक्षद्वीपच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळांनी वेढलेल्या शांत, उथळ पाण्यात, पहिल्यांदाच उतरतोयस ना, मग डोळे वाळूकडे ठेव. उथळ पाण्यात अंगावर वाळू माखून पडलेली काळी, लांबट समुद्रकाकडी (काकडीच्या आकाराचा एक समुद्री प्राणी) दिसली, तर ती बहुधा होलोथुरिया अट्रा या जातीची. फोटोपुरतीही तिला उचलू नकोस, एवढं माझं ऐकच. त्रास झाला की काही जाती चिकट पांढरे धागे सोडतात, काही तर स्वतःची आतडीच बाहेर टाकतात. आतडी पुन्हा वाढतात, पण त्याला बरेच दिवस लागतात आणि तोवर बिचारीला धड खाता येत नाही.

त्यापेक्षा थोडं अंतर राखून शांत तरंगत राहा. तोंडाभोवतीच्या शुंडकांनी, म्हणजे छोट्या सोंडांसारख्या अवयवांनी, ती वाळू आत घेते, त्यातलं अन्न पचवते आणि उरलेली वाळू मागून सोडते. ते मागचं टोक नीट न्याहाळ. त्याची सारखी उघडझाप चालते, कारण ती श्वासासाठी पाणी तिथूनच आत ओढते! काही जातींच्या आत तर मोतीमासा नावाचा मासा मुक्काम करतो. मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

आणि हो, 2001 पासून भारतात समुद्रकाकडीच्या सगळ्याच जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. किनाऱ्यावर वाळलेली सापडली तरी बॅगेत घालू नकोस.