लिथियम म्हणजे मीठच ना? मग बरं वाटल्यावरही रोज कशाला?

तुमचा भाऊ हर्णैला ट्रॉलरवर खलाशी आहे, बायपोलरसाठी (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं असा आजार) लिथियम चालू आहे आणि आता बरा आहे म्हणून गोळी सोडतो म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. माझं दापोली तालुक्यात मेडिकल आहे. मी डॉक्टर नाही, पण ही गोळी घेणारी माणसं रोज बघतो.

लिथियम कार्बोनेट हा क्षार आहे, हे खरंच. 1949 साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादाच्या, म्हणजे मन बेफाम चढलेल्या, रुग्णांना लिथियम देऊन गुण येतो हे दाखवलं. पण अंगात लिथियम कमी पडलं म्हणून हा आजार होत नाही. मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा भाग भावनांचा जोर ठरवतो आणि कपाळामागचा भाग त्याला आवर घालतो. उन्मादात हा आवर सैल पडतो. लिथियम पेशीच्या आत शिरून जीएसके-3 सारख्या एन्झाइमना (पेशीतली कामं घडवणाऱ्या प्रथिनांना) मंद करतं, त्यामुळे पेशींचं आतलं कामकाज हळूहळू बदलतं. म्हणूनच गुण यायला आठवडे जातात, आणि भाऊ आज बरा दिसतोय तो गोळी चालू आहे म्हणून. झटक्यात सोडली तर उन्माद परत येण्याचा धोका वाढतो, आत्महत्येचाही. सोडायचीच तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

आता मला खरी काळजी वाटते ती बोटीवरची. मूत्रपिंड सोडियम आणि लिथियम जवळपास एकाच वाटेने हाताळतं. उन्हात घाम गेला, जुलाब झाले, जेवणातलं मीठ एकदम तोडलं, की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवायला लागतं आणि त्याबरोबर लिथियमही. गोळी तेवढीच, पण रक्तातलं प्रमाण चढतं. रिपोर्टात साधारण 0.6 ते 1.0 mmol/L ठीक, 1.5 च्या वर विषबाधेची भीती. म्हणून पाणी भरपूर प्यायचं आणि रोजचं मीठ एकसारखं ठेवायचं. घरात कोणाला बीपी आहे म्हणून सगळ्यांचंच जेवण अळणी करू नका.

दुसरी गोष्ट कंबरदुखीची. जाळी ओढून आलेला माणूस काउंटरवर सरळ "डायक्लो द्या" म्हणतो. लिथियमवाल्याला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन चालत नाही, त्यानेही पातळी चढते. पॅरासिटामॉल चालतं. बीपीच्या काही गोळ्यांचंही तसंच आहे, म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी लिथियमचं आधी सांगा.

झोपेचं तर मी तांडेलशी, म्हणजे बोटीच्या प्रमुखाशी, स्वतः बोलायला सांगेन. लागोपाठ रात्री जागून काढल्या की बायपोलरमध्ये उन्माद सुरू होऊ शकतो. भावाला रात्रपाळी सलग देऊ नका, एवढं मागायला लाजायचं कारण नाही.

लिथियमची पातळी रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी तपासतात, त्यामुळे रक्त देईपर्यंत सकाळची गोळी घ्यायची नाही. त्याबरोबर थायरॉइड आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारी तपासणी) बघतात. हात जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, जीभ जड होणं, चालताना झोक जाणं, यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी दवाखाना गाठा. तुम्हाला स्वतःला कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.