१६ अंकी दशमान बेरजेसाठी १६ बीसीडी (प्रत्येक दशमान अंक वेगळ्या ४ बिटांत) अ‍ॅडर एकापुढे एक जोडले तर चालेल का? आणि ब्रेडबोर्डवर माझी बेरीज नेहमी एकाने जास्त का येते?

चालेल, पण रखडत.

आधी तुमच्या ब्रेडबोर्डवर बेरीज नेहमी एकाने जास्त का येते ते. दुसऱ्या ७४८३ चा (४ बिटी बेरजेची चिप; दुसरी बेरीज ९ च्या वर गेली की ६ मिळवते) कॅरी-इन, म्हणजे हातचा आत घेणारी पिन, मोकळी सोडली असणार. टीटीएलमध्ये (या जुन्या ७४ मालिकेच्या चिपमध्ये) मोकळी पिन '१' धरली जाते. ती ग्राउंडला लावा. आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ७४८३ ऐवजी ७४२८३ मिळाला असेल तर सप्लाय पिन १६ आणि ८ वर द्या. ७४८३ चा मात्र ५ आणि १२ वर असतो, तिथेच गफलत होते.

आता १६ अंक. तुमच्या साखळीत प्रत्येक अंक मागच्या कॅरीसाठी थांबतो, मग बेरीज ९ च्या वर गेली का ते तपासतो, मगच कॅरी पुढे देतो. हे टाळायला ६ ची दुरुस्ती आधीच करा. एका संख्येच्या प्रत्येक अंकात ६ मिळवा, दोन्ही संख्यांची साधी ६४ बिटी बायनरी बेरीज करा आणि ज्या अंकातून कॅरी निघाला नाही त्यातून ६ वजा करा.

४७ + ३८ घ्या. ४७ चे अंक होतात १० आणि १३. १३ + ८ = २१, ४ बिटांत १६ चा कॅरी निघतो, म्हणजे कॅरी १, उरले ५. १० + ३ + १ = १४, कॅरी नाही, म्हणून १४ − ६ = ८. उत्तर ८५.

एफपीजीएवर (हवं ते सर्किट प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपवर) '+' लिहिलंत की अंकांमधला कॅरी आतच राहतो, बाहेर दिसत नाही. पुढच्या अंकाचा सर्वांत खालचा बिट घ्या: दोन्ही इनपुट आणि बेरीज यांचा एक्सॉर (विषम संख्येने १ असतील तर १) म्हणजेच तो कॅरी. सर्वांत वरच्या अंकासाठी बेरीज ६५ बिटांची ठेवा.

खरी डोकेदुखी गुणाकाराची. तिथे ज्या संख्येला गुणायचं तिची दुप्पट आणि पाचपट आधी तयार ठेवा. या दोन्हींत कॅरी शेजारच्या अंकापलीकडे जातच नाही. दुप्पट केल्यावर एकक फार तर ८ आणि येणारा कॅरी फार तर १. पाचपटीत एकक ० किंवा ५, कॅरी फार तर ४. चौपट म्हणजे दुपटीची दुप्पट. ७ पट हवी तर ५ पट + २ पट, ९ पट हवी तर ५ पट + ४ पट.

साठवताना मात्र बीसीडी परवडत नाही, १६ अंकांतच ६४ बिट संपतात. म्हणून आयट्रिपलई ७५४ या संगणकातल्या अपूर्णांकी संख्यांच्या मानकाच्या २००८ च्या आवृत्तीतल्या एका पद्धतीत ३ अंक १० बिटांत बसवले आहेत. ते उलगडायला भागाकार लागत नाही, थोडे गेट पुरतात.

नुसता रुपये-पैशांचा हिशेब असेल तर यातलं काहीच नको, रक्कम पैशांत मोजून ६४ बिटी पूर्णांकात ठेवा.