मानसोपचारतज्ज्ञ लेखकांना नेमके काय विचारावे?

पुण्यात मानसोपचारतज्ज्ञ लेखकांशी होणाऱ्या संवादात, घरी नैराश्याचा रुग्ण असलेल्या वाचकाने काय विचारावे, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते, औषधे केव्हा आणि कशी थांबवतात, हे आधी विचारावे. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला साधारणतः दोन ते सहा आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही त्या बहुधा किमान सहा महिने चालू ठेवाव्या लागतात. परंतु ‘आता बरे आहे, मग सवय कशाला लावायची’ या समजुतीने घरचेच त्या अचानक बंद करतात, तेव्हा चक्कर, अस्वस्थता, झोपमोड असे त्रास होऊ शकतात आणि आजार उलटण्याचा धोकाही वाढतो. टाळता येण्याजोगे हे दुःख पाहून मला फार वाईट वाटते. या गोळ्यांचे दारूसारखे व्यसन लागत नाही, मात्र मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवायची असते, हे लेखकांकडून सर्वांसमक्ष स्पष्ट करून घ्यावे.

दुसरा प्रश्न हक्कांचा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार सज्ञान व्यक्तीला आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवता येते आणि स्वतःचा प्रतिनिधीही नेमता येतो. ते प्रत्यक्षात कसे करावे, हे विचारावे.

रुग्णाची खासगी हकीकत मात्र सभेत सांगू नये. रुग्ण जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल, तर कार्यक्रमाची वाट न पाहता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच फोन करावा. ही सेवा चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही मिळते.