आधी वेदीपाशी ये

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. गावात येशूची सुवार्ता पोचवायची म्हणून युवक गटातून पथनाट्य बसवायचं, व्हिडिओ काढायचे, हे सगळं तुझ्या डोक्यात आहे. रविवारच्या मिस्सेत, भाकर-द्राक्षारसाच्या त्या उपासनेत, मात्र ‘तेच ते’ असतं, तिचा या कामाशी काय संबंध, असं तू विचारलंस. माझ्या मते संबंध मुळाशीच आहे, म्हणून आधी त्याबद्दलच लिहितो.

बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र काढ, अकरावा अध्याय. ही भाकर खाता आणि हा प्याला पिता तेव्हा तुम्ही प्रभूच्या मरणाची घोषणा करता, असं प्रेषित पौल तिथं सांगतो. म्हणजे मिस्सा आटोपली आणि मग घोषणा सुरू झाली, असं नाही. आणि त्याच अध्यायात तो चिडलाही आहे: कुणी उपाशी, कुणी पिऊन धुंद, याला प्रभुभोजन म्हणायचं कसं? शेजारचा उपाशी असेल तर त्या पंगतीतून घोषणा होत नाही, हे त्याला ठाऊक होतं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंही 1965 साली धर्मगुरूंविषयीच्या आदेशात ख्रिस्तशरीराला, म्हणजे मिस्सेतल्या त्या पवित्र भाकरीच्या संस्काराला, सगळ्या सुवार्ताप्रसाराचा उगम आणि कळस म्हटलं.

इ. स. 155च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकानं रोमच्या सम्राटाला लिहून कळवलं की आम्ही रविवारी जमतो म्हणजे नक्की काय करतो. वाचन, उपदेश, प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षारस. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे उपसेवक वाटा नेऊन देत. ऐपतवाले स्वखुशीनं पैसे देत आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, परगावचे पाहुणे यांची सोय होई. सम्राटापुढं आपली बाजू मांडताना त्याला ही रविवारची हकीकत सांगावीशी वाटली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्या मुंबईतलंच बघ. 1964च्या आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेसला, म्हणजे ख्रिस्तशरीराच्या सन्मानार्थ भरलेल्या मेळाव्याला, पोप सहावे पॉल आले. भारतात आलेले ते पहिले पोप. जाताना त्यांनी आपली मोटार मदर तेरेसांना दिली. मदरनी तिची सोडत काढली आणि पैसे कुष्ठरुग्णांच्या वसाहतीसाठी लावले. त्यांचा आणि त्यांच्या सिस्टर्सचा दिवस मिस्सेनं सुरू व्हायचा, त्यानंतर रस्त्यावरची माणसं.

व्हिएतनामचे बिशप फ्रान्सिस झेवियर न्गुयेन व्हान थुआन 1975 साली पकडले गेले आणि तेरा वर्षं कैदेत राहिले, त्यातली नऊ एकांतात. पोटाचं औषध म्हणून मागवलेल्या द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते मिस्सा करत. छावणीत रात्री दिवे गेल्यावर अंथरुणावर वाकून, पाठ असलेल्या प्रार्थना म्हणत. सिगारेटच्या पाकिटाच्या कागदात जपून ठेवलेलं ख्रिस्तशरीर कैदी एकमेकांकडे पोचवत. तिथं प्रवचन नव्हतं, पत्रकं नव्हती, तरी कैद्यांमधून काहीजण ख्रिस्ताकडे वळले. तुझ्या व्हिडिओंना मी विरोध करत नाही. पण त्यांच्यामागे असं काही असावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

तेव्हा या रविवारी जरा लवकर ये आणि त्या दिवसाची वाचनं आधीच वाचून ये. बाकावर नेहमीचं कोण दिसत नाही ते बघ आणि मिस्सेनंतर त्याच्या घरी जा. आजाऱ्यांना कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तशरीर, द्यायला जे जातात त्यांना, मी सोबत येऊ का, असं विचार. काही महिने हे केलंस की पथनाट्यात काय दाखवायचं ते तुझं तुलाच सुचेल.

आणि तुझ्या त्या हिंदू मित्राशी वाद घालू नकोस, त्याच्यावर कसलाही दबाव नको. त्यानं विचारलं तर तू काय मानतोस ते सरळ सांग. त्याला मिस्सेला यायचं असलं तर शेजारी बसवून घे. कम्युनियन फक्त कॅथलिकांनी घ्यायचं असतं हे मात्र घरून निघतानाच सांगून ठेव, म्हणजे रांग लागल्यावर तो ओशाळणार नाही.

तुझा,
सर