जुहूला पहिल्यांदा एकटाच सूर्यास्त बघायला जातोयस ना, मग हे वाच

एकट्याने जायला ऑकवर्ड वाटतं म्हणालास, पण खरं सांगू का, तिथे तुझ्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

१. टाइम बघून निघ. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सहालाच मावळतो, जुलैत जवळपास सव्वासातला, आणि टेकला की दोन-अडीच मिनिटांत खल्लास. मी पहिल्यांदा भेळेच्या लाइनीत उभा होतो, चटणी तिखट की गोड सांगेपर्यंत गेला पण! तेव्हा अर्धा तास आधी पोच, खाणं नंतर.

२. गिरगावला नको, तिथे सूर्य मलबार हिलमागे जातो. जुहूला समोर मोकळं पाणी.

३. सूर्य गेला की लगेच उठू नकोस, नवीन लोक हमखास हेच करतात आणि खरा रंग पुढच्या वीसेक मिनिटांत चढतो, ओल्या वाळूवर सगळं आकाश सांडल्यासारखं दिसतं, बाजूचे काका चपला हातात घेऊन तसेच उभे असतात, कोणाचं तरी पोरगं तुझ्या पायाशी किल्ला करत असतं.

कुणी फोटो काढून मागितला तर काढून दे, पण न विचारता लोकांचे काढू नकोस. आणि हिवाळ्यात धुरक्यामुळे कधी कधी पाण्याला टेकायच्या आधीच विरघळतो, त्या दिवशी गोळा खायचा आणि घरी यायचं. कॅमेऱ्याची सेटिंग्ज वगैरे चार-पाच वेळा जाऊन आलास की विचार.