गावाकडच्या लोकांनी कोरोनाची लस घ्यायला एवढी टाळाटाळ का केली? अडाणीपणा की अफवा?

तुम्ही दोनच पर्याय दिलेत, माझं उत्तर दोन्हींत बसत नाही. मी तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार. आमच्याकडं खरी भीती होती तापाची.

४५ वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली १ एप्रिल २०२१ ला. नेमकी तेव्हाच खरड छाटणी, म्हणजे द्राक्षवेलींची उन्हाळी छाटणी असते. मजुरांच्या टोळ्या एकरावर उक्तं काम घेतात, एक माणूस झोपला की बाकीच्यांवर ओझं. लस घेतली की दुसऱ्या दिवशी अंग मोडून येतं, हे चार जणांकडं बघून कळलंच होतं. "ताई, खाडा पडला तर हजेरी तुम्ही देणार का?" हे गावातल्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना बांधावर उभं राहून ऐकावं लागायचं. वर आणखी एक धास्ती : ताप आला म्हणजे टेस्ट करणार, पॉझिटिव्ह निघाला की उचलून नेणार.

अफवा होत्याच. नपुंसकत्व येतं, दोन वर्षांत माणूस जातो, वगैरे. गंमत म्हणजे बागेत औषध मारताना तोंडाला साधा रुमाल न बांधणारे आमचे बागायतदारच "लशीत काय घातलंय कुणास ठाऊक" म्हणत होते!

पण व्हॉट्सअॅपपेक्षा जास्त घात केला वेळेनं. पहिल्या डोसनंतर थोडंफार संरक्षण मिळायलाही दोन-तीन आठवडे लागतात आणि एप्रिलमध्ये दुसरी लाट जोरात होती. कुणी आधीच संसर्ग घेऊन केंद्रावर आलेला, कुणाला तिथून परतल्यावर आठवड्यात झाला. गावानं हिशेब मांडला, लस घेतली आणि गेला. हे पारावर समजावून सांगणं सोपं नव्हतं. त्यात कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर आधी ४ ते ६ आठवडे, मग ६ ते ८, मे महिन्यात १२ ते १६. जास्त अंतरानं परिणाम चांगला होतो, असं कारण दिलं गेलं. लोकांनी अर्थ काढला, साठा संपला.

मे महिन्यात चित्र पालटलं. भाषणांनी नव्हे. गल्लीतली धडधाकट माणसं गेली, सांगली-मिरजेत बेड मिळेना. मग पहाटेपासून आरोग्य केंद्राबाहेर नंबरासाठी चपला मांडलेल्या, आणि नऊ वाजता कळायचं, आज डोस नाहीत.

लाट ओसरली तशी दुसऱ्या डोसाला माणसं परत मिळेनात. कोविशिल्डच्या एका बाटलीत १० डोस, फोडल्यावर चार तासांत संपवायचे, म्हणून सिस्टर दहा जण जमेपर्यंत थांबायच्या. तोवर आलेले सहा कंटाळून घरी. शेवटी आशाताईंनीच तोडगा काढला. बाजारच्या दिवशी टोळ्यांना सुट्टी असते, म्हणून आदल्या संध्याकाळी शाळेत लसीकरण ठेवायला लावलं. ताप आला तरी खाडा नाही. त्या संध्याकाळी बाटल्या कमी पडल्या.