लेकीला किनाऱ्यावरचे प्रकल्प तपासायचे आहेत

पत्र : आम्ही दापोली तालुक्यातले, खाडीकाठी राहतो. मुलीचे बाबा होडीवर असतात, मी मासळी विकते. मुलगी बारावी सायन्स झाली, बायोलॉजी आणि मॅथ्स दोन्ही होते. नीटमध्ये काही जमलं नाही, सीईटी दिली आहे. गेल्या वर्षी आमच्या भागात एका जेट्टीच्या प्रकल्पाची जनसुनावणी झाली. ही मंडपात शेवटपर्यंत बसली आणि तिथे मिळालेला मराठी सारांश घरी आणून कितीतरी दिवस वाचत होती. आता म्हणते, समुद्रात, किनाऱ्यावर काही बांधायचं असेल तर ते तपासण्याचं काम मला करायचंय. तिचे मामा म्हणतात, असलं काही करिअर नसतं. एकतर मोर्चात जा, नाहीतर कंपनीची हांजी हांजी कर. माझाही जीव त्यातच अडकलाय. कंपनीकडून पैसे घेऊन अहवाल लिहायचा म्हणजे आपल्याच माणसांच्या पोटावर पाय नाही का? काय शिकवावं, कुठे पाठवावं आणि त्यात पोट भरेल का, ते सांगा.

उत्तर :

ताई, नमस्कार.

आधी मामांचं बघू. त्यांना सांगा, हे करिअर आहे आणि ते कायद्याने उभं केलेलं आहे. १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली किनाऱ्यासाठी पहिली अधिसूचना १९९१ साली निघाली. सगळे जिला सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) म्हणतात ती हीच. २०११ला ती नव्याने आली आणि २०१९ला पुन्हा बदलली. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जमीन, भरती-ओहोटीच्या मधला पट्टा, खाड्या आणि समुद्रात १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी, हे सगळं तिच्यात येतं. बंदरासारखा मोठा प्रकल्प असेल तर २००६च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यासही लागतो. त्यात आधी अभ्यासाचे मुद्दे ठरतात, मग पाहणी, मग तुमच्या मुलीने पाहिली तशी जनसुनावणी आणि शेवटी तज्ज्ञ समितीपुढे छाननी. या प्रत्येक पायरीवर माणसं लागतात. कुणी पाण्याचे नमुने घेतं, कुणी नकाशे काढतं, कुणी अहवाल लिहितं, कुणी तो वाचून त्यातल्या त्रुटी दाखवतं. परवानगी मिळाल्यावर अटी पाळल्या जातात का हे बघणारी माणसं वेगळी, आणि नाही पाळल्या तर हरित न्यायाधिकरणापुढे, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायालयापुढे, उभे राहणारे वकील वेगळे. मोर्चा आणि हांजी हांजी यांच्या मधे एवढा मोठा कामाचा पसारा आहे.

हे काम कसं असतं ते नकाशावरून नीट कळेल. प्रत्येक जिल्ह्याच्या किनाऱ्याचा व्यवस्थापन आराखडा असतो, १:२५,००० प्रमाणातला. कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५० मीटर. रेषा २ मिलिमीटर सरकली की प्रत्यक्षात ५० मीटरचा फरक पडतो. आणि २०१९च्या अधिसूचनेत खाडीकाठचा नियंत्रणाचा पट्टाच मुळात ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी असेल तेवढा आहे. २०११ला तो १०० मीटर होता. म्हणजे दोन मिलिमीटरच्या चुकीत तुमच्या वाडीपुढचा सगळा पट्टा आत किंवा बाहेर जाऊ शकतो. म्हणून गावपातळीवर १:४,०००चे नकाशे लागतात. ते वाचता येणारी, हातात घेऊन किनाऱ्यावर चालणारी आणि ‘ही रेषा इथे चुकली आहे’ हे पुराव्यानिशी दाखवणारी माणसं फार कमी आहेत.

भरतीरेषा म्हणजे उधाणाला पाणी जमिनीवर जिथवर चढतं ती रेषा. भरतीचा प्रभाव खाडीत आत कुठवर धरायचा याचाही नियम आहे : वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत पाण्याचा खारेपणा हजारात ५ भाग भरतो तिथवर. मे महिन्यात खारं पाणी कुठल्या साकवापर्यंत येतं हे तुमच्या घरात कुणीही सांगेल. पण फाइलीत ते यायचं तर त्याच दिवसांत, त्याच जागी नमुना घ्यावा लागतो, खारेपणा मोजावा लागतो, तारीख, वेळ, भरतीची स्थिती आणि अक्षांश-रेखांश लिहून ठेवावे लागतात. तुमच्या मुलीपाशी शहरातल्या मुलांपाशी नसलेली गोष्ट आहे, ती समुद्र ओळखते. तिने शिकायचंय ते हे, की आपल्याला जे ठाऊक आहे ते मोजायचं कसं आणि छाननी करणाऱ्याला नाकारता येणार नाही असं लिहायचं कसं. माझ्या मते या क्षेत्रात तिची सगळी किंमत यावरच ठरेल.

२०१९च्या याच अधिसूचनेत आणखी एक तरतूद आहे, ती मुलीला जरूर वाचायला सांगा. मच्छीमारांची गावं, त्यांच्या सामाईक जागा, जेट्ट्या, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवण्याच्या जागा, हे सगळं गावपातळीच्या नकाशावर दाखवायचं आहे. तुम्ही बायका ज्या पुळणीवर मासळी वाळत घालता ती नकाशावर नसेल, तर मंत्रालयात बसलेल्या माणसाला ती रिकामी जागा दिसते. त्याच्या मनात वाईट असं काही नसतं, त्याच्यासमोर कागदच तसा येतो.

मुंबईत सागरी किनारा रस्त्याच्या कामात काय झालं ते बघा. वरळी कोळीवाड्याच्या होड्या क्लीव्हलँड बंदरातून समुद्रात जातात. त्या वाटेवर पुलाचे खांब आले आणि दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवलं गेलं. कोळी सांगत होते, वारा आणि लाटा असताना एवढ्या फटीतून होडी सुखरूप निघणार नाही. आंदोलन झालं, काम अडलं, आणि शेवटी २०२२च्या अखेरीस एक खांब वगळून अंतर १२० मीटर करायचं ठरलं. मागणी त्याहून जास्त होती, पण निदान दुप्पट तरी झालं. मला त्यात सतत एकच वाटतं : होड्यांच्या येण्या-जाण्याच्या वाटा, कुठल्या महिन्यात वारा कुठून, होडी किती हेलकावे घेते, हे सगळं मोजून पहिल्याच अहवालात मांडणारं कुणी असतं तर? त्या रस्त्याची सीआरझेड परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९मध्ये रद्द केली होती आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. अभ्यास पुरेसा झाला होता का, यावरच एवढं मोठं भांडण झालं. अभ्यास करणाऱ्याच्या कामाचं वजन यावरून लक्षात येईल.

आता शिक्षण. पहिलीच पदवी ‘पर्यावरणशास्त्र’ या सरसकट नावाची घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अहवाल करणाऱ्या सल्लागार संस्थांना नॅबेट या मान्यता देणाऱ्या मंडळाची मान्यता लागते आणि तिथे तज्ज्ञ विषयवार ठरतात : जलप्रदूषण, परिसंस्था आणि जैवविविधता, सामाजिक-आर्थिक परिणाम, धोक्यांचा अभ्यास वगैरे. ‘तुझा विषय कोणता’ हा प्रश्न पहिल्याच मुलाखतीत येतो. त्याला एक ठाम उत्तर हवं.

तिच्यासाठी मला सगळ्यात योग्य वाटतं ते रत्नागिरीजवळचं शिरगावचं मत्स्य महाविद्यालय. ते तुमच्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचंच आहे. बी.एफ.एस्सी. म्हणजे मत्स्यशास्त्राची पदवी चार वर्षांची, तिला नीट लागत नाही. चार वर्षांत मासे, पाणी, तळाचा गाळ, जाळी, सगळं हाताखालून जातं. पुढे मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तिथे जलीय पर्यावरण व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घेता येतं, आणि तो विषय या कामासाठी नेमका आहे.

मॅथ्स आणि फिजिक्स तिला आवडत असेल तर दुसरी वाट. साधी बी.एस्सी. करून समुद्रशास्त्रात एम.एस्सी. गोवा विद्यापीठ किंवा कोचीनचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ, दोन्ही चांगली. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थाही आहे, तिथे प्रकल्पांवर काम मिळालं तर शिकायला उत्तम. लाटा, प्रवाह, गाळ कुठून कुठे जातो, हे कळणारी माणसं फार हवी असतात, कारण एक धक्का बांधला की शेजारच्या गावची पुळण वाहून जाईल का, याचं उत्तर तेच देऊ शकतात. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६पासूनचं. तिथे बंदरांच्या प्रतिकृती करून त्यांत भरती-ओहोटी आणि लाटा सोडून बघतात. एखाद्या सुट्टीत परवानगी काढून मुलीला ते दाखवा. सिव्हिल इंजिनिअरिंगमधूनही इकडे येता येतं, पण त्यासाठी तिच्या मनात इंजिनिअरिंग असलं पाहिजे, केवळ नोकरी मिळेल म्हणून नको.

कायद्याची ओढ असेल तर ती नंतर. आधी विज्ञानाची पदवी, मग तीन वर्षांचं एलएल.बी. पश्चिम भारतासाठी हरित न्यायाधिकरणाचं पीठ पुण्यालाच आहे, आणि पाण्याच्या तपासणीचा अहवाल स्वतः वाचू शकणारा वकील तिथे लगेच उठून दिसतो.

पैशांचं सरळ सांगते. सुरुवातीची वर्षं तंगीची असतात. संशोधन संस्थांत प्रकल्पापुरती नेमणूक मिळते, प्रकल्प संपला की पुन्हा शोध. सल्लागार संस्थेत सुरुवातीला ज्येष्ठांच्या हाताखाली नमुने गोळा करणं आणि तक्ते भरणं, एवढंच. कायम नोकरी म्हणाल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ, वन विभाग, मेरीटाइम बोर्ड (राज्याच्या बंदरांचं मंडळ). तिथे जागा थोड्या आणि परीक्षा अवघड. बंदर चालवणाऱ्या कंपन्यांचेही पर्यावरण विभाग असतात, कारण परवानगीतल्या अटी कशा पाळल्या याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो, १ जूनला आणि १ डिसेंबरला. काम आटणार नाही. पालघर जिल्ह्यातल्या वाढवणचंच घ्या : १९९८ला डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नाकारलेलं बंदर त्याच प्राधिकरणाने २०२३ला मान्य केलं आणि त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचा आहे. कुणी त्या बंदराच्या बाजूचं असो वा विरोधातलं, तिथलं पाणी, मासे आणि किनारा यांवर पुढची कित्येक वर्षं लक्ष ठेवावंच लागेल. ते डहाणू-पालघरची ओळख असलेल्यांनी ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि आता तुमचा खरा प्रश्न. अहवालाचे पैसे प्रकल्पवालाच देतो, ही या व्यवस्थेतली मोठी खोट आहे. ती झाकण्यात अर्थ नाही, तिचा दबाव तुमच्या मुलीवरही येईल. पण कायदा अहवाल लिहिणाऱ्याला प्रकल्पवाल्याचा वकील करत नाही. जाणूनबुजून माहिती लपवली किंवा खोटी दिली तर परवानगी रद्द होऊ शकते, हे २००६च्या अधिसूचनेत लिहिलेलं आहे. अहवालात ‘या भागात मासेमारी तुरळक’ असं एक वाक्य येतं आणि त्यावर गावाची नुकसानभरपाई ठरते. ते वाक्य लिहायला बसलेली व्यक्ती विचारेल, की नमुने कुठल्या महिन्यात घेतले, उधाणाला की भांगाला (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा), डोल जाळ्यातली मासळी मोजली का, ओहोटीला कालवं-तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना कुणी विचारलं का? हे प्रश्न सुचणारी मुलगी त्या खुर्चीत बसली तर पोटावर पाय पडायचा वाचेल. दोन गोष्टी मात्र तिने पहिल्या दिवसापासून पाळाव्यात. आपल्या गावाच्या किंवा नात्यागोत्याच्या प्रकल्पाचा अहवाल घ्यायचा नाही, कुठल्याच बाजूने. आणि स्वतः न पाहिलेल्या आकड्याखाली सही करायची नाही, नोकरी गेली तरी चालेल. तेवढं करता यावं म्हणून तुम्ही घरच्यांनी तिच्या पहिल्या काही वर्षांत तिच्या पगारावर कर्जाचा हप्ता बांधू नका.

होडीवरून फिरणं, परगावी राहणं याची काळजी तुम्ही लिहिली नाही, पण मामा काढतील. तुम्ही स्वतः पहाटे लिलावाला उभ्या राहता, त्यांना उत्तर तुम्हीच द्या.

निकालापर्यंतच्या दिवसांत तिला एवढं करू द्या. राज्याच्या किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नकाशे असतात, तुमच्या भागाचा काढून घ्यावा. तो घेऊन वाडीतून चालावं आणि होड्या ओढायची जागा, जाळी विणायची जागा, सुकवणीची पुळण, तिवरांची रांग, जे नकाशावर नाही ते वेगळ्या रंगाने मांडावं. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन मोफत अभ्यासक्रम घेते, त्यातला एक पुरा करावा. आणि बाबांकडून वर्षभराची मासळी लिहून घ्यावी : कुठला महिना, कुठलं जाळं, किती वाव खोल पाणी, काय मिळालं. बाबा सांगतील त्यांच्या शब्दांत, तिने तारखा आणि जागा लावाव्यात. तो सारांशही आता पुन्हा वाचावा आणि त्यातल्या कोणत्या ओळीला पुरावा दिलेला नाही ते समासात लिहावं. हे सगळं कंटाळवाणं वाटलं तर आताच कळलेलं बरं. नाही वाटलं तर तुम्हाला माझ्या पत्राची गरजच राहणार नाही.

सीईटीचा निकाल लागला की पसंतीक्रम भरण्याआधी मॅथ्स आणि बायोलॉजीचे गुण वेगवेगळे कळवा. शिरगाव पहिलं लिहायचं की बी.एस्सी.ची वाट धरायची, ते त्यावरून ठरवू. तिने केलेला नकाशा झाला असेल तर त्याचा फोटोही सोबत पाठवा.